उस्मानभाईंना लाट पाहिजे

उस्मानभाई समुद्रात चप्पल फेकायचे.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपलं की माझ्या गाडीतून आम्ही बहरीनच्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जायचो. त्यांच्या अंगात इस्त्रीचे कपडे, पायात काळे बूट, डोक्याला जाळीची टोपी आणि काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एक जुनी रबरी स्लीपर, उजव्या पायाची. पाण्याच्या कडेला उभं राहून ते ती जोर लावून आत भिरकावायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघत थांबायचे. त्यांचं म्हणणं असं, की खरा दर्या कुणाची वस्तू ठेवून घेत नाही, लाट ती परत आणून देते. पाच मिनिटांत चप्पल परत आली तर तो दर्या, नाहीतर डबकं.

बहरीनमध्ये चप्पल पडली तिथेच पडून राहायची. मग उस्मानभाई खवळायचे. "मेल्या, तुला दर्या म्हणायला पण लाज वाटते मला," असं समोरच्या पाण्याला सुनावायचे. मग बूट काढायचे, मोजे त्यात कोंबायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि स्वतःच चप्पल आणायला आत जायचे. पन्नास पावलं चालले तरी पाणी पोटरीच्या वर येत नसे. त्याचा त्यांना आणखी राग. परत येईपर्यंत त्यांची कानशिलं लाल झालेली असायची. एकदा माझ्या सात वर्षांच्या मुलीनं गाडीतून विचारलं, "पप्पा, व्हाय इज अंकल शाउटिंग ॲट द वॉटर?" मी म्हणालो, मला काय माहीत, त्यांनाच विचार.

मी कांबळे, जालन्याचा. आमच्याकडे समुद्राचा आणि माणसाचा काही संबंध नाही. पाणी विहिरीत असतं आणि उन्हाळ्यात तेही नसतं. बहरीनला एका एसीच्या कंपनीत मी इलेक्ट्रिकल टेक्निशियन होतो आणि उस्मानभाई त्याच कंपनीच्या हिद्दच्या गोदामात स्टोअरकीपर. झिंजमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो. ते पहिल्या मजल्यावर एका खोलीत एकटे, मी वर बायको आणि मुलीसकट. आखातातलं युद्ध होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट.

गोदामात त्यांचा दरारा होता. ट्रक दारात आला की ते प्रत्येक खोका वाजवून बघायचे, कोपरा चेपलेला दिसला की "मंजूर नाय" म्हणायचे आणि ट्रक परत. इंजिनिअर येऊन हातापाया पडला तरी उत्तर तेच. मला एकदा दोन स्क्रू हवे होते. फॉर्मवर माझी सही जरा वाकडी आली म्हणून या माणसानं मला नवा फॉर्म भरायला लावला. मी दातओठ खात भरला, तर म्हणतात, "कांबळे, आता कशी सही सरळ आली." त्या दिवशी मी ते दोन स्क्रू त्यांच्याच टेबलावर आपटून निघून आलो होतो.

असा हा माणूस ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "कांबळे, मला दर्या दाखव."

"सतरा वर्षं इथे आहात आणि अजून बघितला नाही?"

"लांबून बघितला. मुहर्रकच्या पुलावरून. बघण्यासारखा नाय हे पुलावरूनच कळतं."

"मग आता कशाला बघायचाय?"

ते आत आले, दार लावलं, आणि सांगितलं ते असं. कंपनीनं सतरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या बायकोचा व्हिजिट व्हिसा मंजूर केला होता. जानेवारीत हमिदाभाभी एका महिन्यासाठी येणार होत्या. उस्मानभाईंचं गाव रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर. सतरा वर्षांपूर्वी गाव सोडताना बायकोनं त्यांना एकच गोष्ट विचारली होती, की तिथे दर्या आहे का. यांनी पोहोचल्यावर आवाज भरून घरी पाठवलेल्या पहिल्याच कॅसेटमध्ये सांगून टाकलं, की माझ्या खोलीच्या खिडकीतून दर्या दिसतो, अगदी आपल्यासारखा, आणि या बघ लाटा ऐक. आणि टेपरेकॉर्डर नेऊन धरला खिडकीतल्या एसीपुढे.

मला हसूच फुटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हसू गिळावं लागलं.

"एकदा नाय, दर वेळी. चांगली दहा वर्षं कॅसेटी जात होत्या. आता फोन करतो तर त्यातसुद्धा विचारते, दर्या कसा आहे. मी सांगतो, खवळलाय."

"मग आता खरं सांगून टाका."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जानेवारीच्या आत मला लाट पाहिजे. लाट असलेला एक किनारा. या देशात चारी बाजूंनी पाणी आहे, एका तरी बाजूला असेल."

झालं. तेव्हापासून माझे शुक्रवार गेले ते गेलेच. आठवड्याला एकच सुट्टी. माझी बायको सुनंदा म्हणायची, अहो, एक दिवस घरात थांबा, मुलीला बागेत न्या. आणि मी निघालोय एका स्टोअरकीपरला आणि त्याच्या चपलेला समुद्रावर फिरवायला.

अरादला किल्ल्याच्या मागे गेलो. पाणी एवढं निपचित की त्यात किल्ला उलटा दिसत होता. "मंजूर नाय." हिद्दला गोदामाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे भराव टाकायचं काम चाललेलं, ट्रकमागून ट्रक येऊन समुद्रात माती ओतत होते. उस्मानभाई त्या ट्रकवाल्यांवरच धावून गेले. "काय चाललंय? आधीच गुडघाभर आहे, तो पण बुजवताय?" ड्रायव्हर पठाण. त्याला एक अक्षर कळलं नाही. त्यानं खिडकीतून सिगरेट पुढे केली. मी दंडाला धरून यांना गाडीत घातलं. जल्लाकला गेलो, तिकडे वाळू चांगली होती, पण पाण्यावर सुरकुती म्हणून नाही. चप्पल आणायला गेले तर पायात काहीतरी रुतलं आणि पूर्ण रस्ताभर, झिंज येईपर्यंत, जल्लाकचा उद्धार चालला होता.

त्यात त्यांचं भरतीचं गणित. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर म्हणे हे कोणालाही येतं. चांदाची तारीख घ्यायची, तिचा पाऊणपट करायचा, तितक्या वाजता भरती. चौथा चांद असेल तर तीन वाजता, आठवा असेल तर सहा वाजता. तिथे असेल बरोबर. बहरीनला ते साफ चुकायचं. भरती म्हणून गेलो की हमखास पाणी मागे सरलेलं, पुढे नुसता चिखल. आणि त्यातही चांद कुठला, तर गावचा. इथे चांद एक दिवस आधी होतो. उस्मानभाई रोजे-नमाज बहरीनच्या चांदाप्रमाणे करायचे आणि भरती मात्र गावच्या चांदाप्रमाणे काढायचे.

मी म्हणालो, "उस्मानभाई, इंग्रजी पेपरात रोज भरतीची वेळ छापून येते."

"छापलेली भरती मंजूर नाय."

"बरं, मग तासभर थांबू. पाणी येईल की हळूहळू."

"वेळेवर न येणाऱ्यासाठी मी थांबू? गोदामात माल उशिरा आला तर मी गेट उघडत नाय, कांबळे."

आणि खरोखर नाही थांबले. कुठल्याही किनाऱ्यावर आम्ही दहा मिनिटांच्या वर उभे राहिलो नाही. चप्पल, शिव्या, मोजे, खलास.

डिसेंबरात अस्करला मात्र माझा ताबा सुटला. मुलीला ताप होता आणि तिला घरी सोडून मी आलो होतो. उस्मानभाईंनी चप्पल फेकली, ती चिखलात जाऊन उभीच रुतली. यांनी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या आधी मीच ओरडलो. म्हणालो, बस झालं. ही तुमची बायको आहे की कस्टमची अधिकारी? आठ वेळा रजेवर गेलात, आठही वेळा तिच्या तोंडावर खोटं बोललात, आणि आता त्या थापेसाठी माझं पोरगं तापात टाकून मी इथे चिखल बघतोय. एका एसीच्या आवाजासाठी.

मला वाटलं आता हा माणूस मला मारतोय.

"आवाजच पाठवला मी तिला, कांबळे," ते म्हणाले. "सतरा वर्षांत दुसरं काय पाठवलं? मनीऑर्डर तर सगळेच पाठवतात. ती लिहायची, की ती कॅसेट लावून झोप लागते. आता येऊन बघेल आणि म्हणेल, तो पण खोटा. मग माझं तिच्याकडे राहिलं काय?"

हे सगळं त्यांनी रागातच सांगितलं, माझ्याकडे बोट रोखून. रुतलेली चप्पल मीच जाऊन आणली आणि नंतर स्वतःचाच राग आला, कारण आता त्यांना नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी शमाल सुटला. उत्तरेचा गार वारा, डोळ्यांत धूळ भरणारा. आम्ही पश्चिमेला बुदय्याला होतो. पाणी काळपट झालेलं आणि त्यावर खरोखर लाटा होत्या. घोट्याएवढ्या, पण होत्या. चप्पल पडली, हलली, दोन हात पुढे आली, एक हात मागे गेली, परत पुढे आली. उस्मानभाई वाकून तिच्याकडे टक लावून बघत होते. चार मिनिटांनी ती त्यांच्या बुटाला लागली.

"मंजूर," ते म्हणाले. आणि मग लगेच डाफरले, "बघतोस काय असा? तिला आणायचा शुक्रवार ठरव. गावचा चौथा चांद. तीन वाजता फुल भरती."

हमिदाभाभी आल्या. ठेंगण्या, काटक, पन्नाशीला टेकलेल्या, डोक्यावरून ओढणी. बोलायच्या कमी. सुनंदा पहिल्याच दिवशी खाली चहा घेऊन गेली आणि वर आली ती तोंडावर पदर दाबून. मी म्हणालो, काय झालं? तर झालं असं होतं, की उस्मानभाई ड्युटीवर गेल्यावर भाभींना खोली कोंदट वाटली म्हणून सुनंदानं एसी लावून दिला. एसी घरघरायला लागला. भाभी पलंगावर बसल्या होत्या, त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, खिडकीपाशी गेल्या, एसीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यो काय दर्या." आणि मग इतक्या हसल्या की सुनंदाला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला.

"त्यांना नका सांगू म्हणाल्या," सुनंदा म्हणाली. "बिचारे शुक्रवारची तयारी करतायत म्हणे."

मला काय करावं कळेना. खाली जाऊन सांगावं तर भाभींनी शपथ घातलेली. न सांगावं तर हा माणूस आठवडाभर रोज सकाळी वारा बघायला गच्चीवर जात होता आणि वारा पडलेला दिसला की माझ्या दारावर थाप मारून मलाच जाब विचारत होता.

शुक्रवार आला. वारा नाहीच. आम्ही चौघं गाडीत बसलो, मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. उस्मानभाई पुढे बसून सारखे घड्याळ बघत होते आणि मला गाडी हाकायला शिकवत होते. सुनंदानं डब्यात थालीपीठं घेतली होती. तीनला पाच मिनिटं असताना बुदय्याला पोहोचलो, खजुरीच्या बागांच्या शेवटाला गाडी लावली आणि पाण्याकडे बघितलं.

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण पार लांब, एक करडी रेघ. अलीकडे नुसती ओली वाळू आणि चिखल, मध्ये डबकी, एक मोडकी होडी कुशीवर पडलेली.

उस्मानभाईंचं जे सुरू झालं ते मी इथे लिहू शकत नाही. समुद्राला, शमालला, बुदय्याला, मला, माझ्या गाडीला, चांदाला, व्हिसावाल्यांना. "चौथा चांद आहे, तीन वाजलेत, कुठे मेलास?" असं त्या रिकाम्या चिखलाला विचारत होते. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. मला भीती वाटली, की हा माणूस इथेच आडवा होतोय. मी धरायला गेलो तर माझा हात झटकला. आणि मग बायकोकडे न बघता म्हणाले, "हमिदा, आजच्या दिवशी असा आहे. रोज असा नसतो. रोज माझ्या खिडकीतून..."

हमिदाभाभी तिथे नव्हत्याच.

चपला वाळूत काढून, सलवार वर खोचून त्या चिखलात बऱ्याच आत गेल्या होत्या. ओणव्या होऊन काहीतरी करत होत्या. उस्मानभाई बूट-मोज्यांसकट तसेच मागे धावले. काही पडलं-बिडलं की काय म्हणून मीही गेलो.

त्यांच्या हातात सुनंदाच्या डब्यातला चमचा होता. वाळूत दोन बारीक भोकं दिसली की त्या चमचा खुपसायच्या, एक हिसका द्यायच्या आणि शिंपली बाहेर. ओढणीच्या ओच्यात पंधरा-वीस जमल्या होत्या.

"तिसऱ्या हायत," त्या म्हणाल्या. "आपल्यापरीस बारीक हायत. पण रग्गड हायत."

उस्मानभाईंचा आवाज चढला. "ऊठ आधी. माझी बायको चिखलात हात घालणार? खोताच्या घरातली बाई तू. हे कधी शिकलीस?"

भाभी सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी एवढा वेळ कधी आवाज काढला नव्हता, तो आता काढला, आणि तो उस्मानभाईंच्या वरचा होता. "तुमी गेल्यावर शिकले. सतरा वर्सं ओहोटीला जातंय. चार बाया मिळून जातो. घरात बसून काय करू, भिताडांशी बोलू? तिथं बोलायला मिलतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी इचारलंत कधी? कॅसेटीत सगला तुमचाच दर्या. दर रजेला येता, तिसऱ्यांचं कालवण बोटं चाटून खाता. कुठून येतं वाटलं?"

"बाजारातून," उस्मानभाई म्हणाले.

"बाजारातून," भाभी म्हणाल्या, आणि परत ओणव्या झाल्या. "आणि भरती दाखवायला आणलंत मला. भरतीला बायका घरात असतात. त्यात काय बघायचं असतं? दर्या बघायचा तो असा, गेलेला."

उस्मानभाई तसेच उभे होते, काळे बूट चिखलात बुडालेले. मला वाटलं आता काहीतरी खेकसतील, मंजूर नाय म्हणतील. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"आणखी काय काय करतेस?" त्यांनी विचारलं. सतरा वर्षांत आठ वेळा घरी जाऊन आलेला माणूस, आणि अशा आवाजात विचारत होता की मला तिथून निघावंसं वाटलं. भाभींनी वर न बघताच सांगायला सुरुवात केली. चार बायांची नावं, त्यातली एक मागच्या पावसात वारली, तिच्या जागी तिची सून येते. कालवं कुठल्या खडकावर धरतात. उस्मानभाई मध्येच "कोण, ती बेबी?" असं विचारत होते. मग तेही वाकले आणि शिंपल्या ठेवायला टोपी पुढे केली.

मी आणि सुनंदा गाडीशी येऊन बसलो. थालीपीठं खाल्ली, त्यांच्यासाठी चार ठेवली. साडेचार वाजले, पाच वाजले. आणि पाणी यायला लागलं. आधी डबकी एकमेकांना मिळाली, मग मोडकी होडी हलली. कुठूनसा वाराही सुटला आणि पाण्याला बारीक बारीक लाटा आल्या, चांगल्या घोट्याएवढ्या. सूर्य खाली गेला होता आणि त्या लाटा एकामागून एक सरळ उस्मानभाईंकडे येत होत्या.

माझं पुन्हा डोकं फिरलं. तीन महिने माझे शुक्रवार खाल्ले या माणसानं याच पाण्यासाठी, माझं पोरगं तापात ठेवून मी अस्करला गेलो, आणि आता ते पायाशी आलं तर याची तिकडे पाठ. पँट भिजली तरी पत्ता नाही. मी ओरडलो, "उस्मानभाई, लाट आली. मागे बघा, लाट."

सुनंदा म्हणाली, "गप्प बसा हो."

उस्मानभाईंनी मागे बघितलं नाही. एका हातात शिंपल्यांनी भरलेली टोपी होती, दुसऱ्या हातानं भाभींचा दंड धरला होता, पाणी वाढत होतं म्हणून. तसंच कोपरानं मला जायची खूण केली.

"यल्ला, चल, तू जा, कांबळे. आम्ही बसनं येतो. आमचं बोलायचं अजून खूप राहिलंय."

शुक्रवारी संध्याकाळी बुदय्याहून बस दीड-दीड तास येत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी गाडी सुरू केली.